कोल्हापूरहून छोट्या विमानानं परदेशी: सहलीची आखणी कशी करायची

शाहूपुरीत गाड्यांची कामं करणारे एक मामा आहेत. येत्या जानेवारीत मित्राच्या चार आसनी विमानानं श्रीलंकेला जायचा बेत त्यांना चहा घेता घेता सांगितला. समुद्र, वादळ, परवानग्या यांबद्दल चकार शब्द न काढता मामा म्हणाले, "मालक, न्यायचं ते न्या, पण तेल कुठं टाकणार?"

मी दोन महिने नकाशे पसरून बसलो होतो आणि हा प्रश्न माझ्या वहीत सातव्या पानावर होता. तो पहिल्या पानावर हवा. म्हणून हा लेख मामांच्या क्रमानं लिहितोय. हाती पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि शंभरेक तास उड्डाण झालंय, असं गृहीत धरतो. अजून शिकत असाल तरी वाचायला हरकत नाही.

आधी ठरवा: विमान न्यायचं की नुसता परवाना?

परदेशात स्वतः उडवत फिरायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीचं आपलं विमान घेऊन सीमा ओलांडायची. दुसरा म्हणजे प्रवासी विमानानं जायचं, आपल्या परवान्यावर तिथली मान्यता घ्यायची आणि भाड्याचं विमान उडवायचं. माझं मत सरळ आहे. पहिली सहल दुसऱ्या मार्गानं करा. पैसे कमी लागतात, कागद कमी लागतात आणि अनोळखी आकाशात बोलायची सवय होते.

यासाठी अमेरिका सगळ्यात सोपी. तिथल्या एफएएच्या, म्हणजे विमान प्राधिकरणाच्या नियमांतील कलम ६१.७५ प्रमाणे भारतीय परवान्याच्या आधारावर तिथलं खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळतं, परीक्षा द्यावी लागत नाही. आधी परवाना खरा असल्याची पडताळणी होते. अर्ज एफएएकडे जातो, ते आपल्या डीजीसीएला, म्हणजे भारताच्या विमान नियामकाला विचारतात आणि मग पडताळणीचं पत्र निघतं. ते पत्र सहा महिनेच चालतं. त्या मुदतीत तिथल्या एफएए कार्यालयात वेळ घेऊन स्वतः हजर व्हावं लागतं. त्यानंतर इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. अर्ज निघायच्या तीन महिने आधी टाका. भारतातला परवाना किंवा मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, संपलं की हे प्रमाणपत्रही निकामी होतं, तेव्हा त्या तारखा आधी पाहा.

माझा पहिला प्रयत्न इथंच फसला, आणि कारण अस्सल मराठी होतं. डीजीसीएच्या कागदांवर माझं नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे: आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त. पत्रव्यवहारात इतके आठवडे गेले की काढलेलं तिकीट फुकट गेलं. तेव्हा पासपोर्ट, परवाना, रेडिओचा एफआरटीओएल आणि मेडिकल हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसतील तर बाकी सगळं थांबवून आधी ते दुरुस्त करा.

तिथं पोहोचल्यावर सुख आहे. साध्या दृश्य उड्डाणाला, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत उडायला, बहुतेक ठिकाणी फ्लाइट प्लॅनचीही सक्ती नाही. पंपावर कार्ड घासून आपणच तेल भरायचं. गोंधळ होतो तो दोन गोष्टींत. आपल्याकडे अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रात लावायचा हवेच्या दाबाचा आकडा हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, तिथं पाऱ्याच्या इंचांत. आपलं १०१३ म्हणजे त्यांचं २९.९२. दुसरं म्हणजे टॉवर नसलेली विमानतळं. तिथं परवानगी देणारं कुणी नसतं, आपणच रेडिओवर "मी अमुक ठिकाणी, आता वळतोय" असं जाहीर करत उतरायचं. भारतात शिकलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे यात्रेत गाडी घातल्यासारखं वाटतं.

ॲरिझोनातलं सेडोना जरूर करा. एका सपाट डोंगरमाथ्यावर धावपट्टी आहे; पाचगणीच्या टेबललँडवर विमान उतरवतोय असं समजा. उंची सुमारे ४,८०० फूट, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. त्याचं कारण पुढं वजनाच्या हिशेबात येईल.

आता आपलं विमान: तेल

छोट्या विमानांची बहुतेक पिस्टन इंजिनं एव्हगॅस १०० एलएल या पेट्रोलवर चालतात. प्रवासी विमानांना लागतं ते जेट ए-१, म्हणजे रॉकेलच्या कुळातलं. मोठ्या विमानतळावर जेट ए-१ नळानं मिळतं, एव्हगॅस मात्र असेलच असं नाही. पूर्वी आपण ते सगळं आयात करत होतो. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत उत्पादन सुरू केलं, तेव्हा देशात परिस्थिती थोडी सुधारली. तरीही ते प्रामुख्यानं फ्लाइंग स्कूल असलेल्या ठिकाणीच सापडतं, पुष्कळदा बॅरलमध्ये.

गंमत अशी की मामांनी आधी "डिझेल" म्हटलं होतं, मी हसलो होतो. पण डायमंड कंपनीच्या डीए-४०, डीए-४२ सारख्या विमानांत डिझेल जातीची इंजिनं येतात आणि ती जेट ए-१ वर चालतात. असं विमान हाताशी असेल तर या प्रकरणाचा अर्धा भाग तुम्हाला लागूच नाही.

बाकीच्यांनी नकाशावर आधी तेलाच्या जागा खुणा करून घ्यायच्या आणि मग रस्ता आखायचा. प्रत्येक ठिकाणाहून "अमुक तारखेला इतके लिटर एव्हगॅस मिळेल" हे लेखी मागवायचं. फोनवरच्या "मिळेल की साहेब" वर विसंबू नका. आणि भरताना स्वतः उभे राहा. एव्हगॅस निळसर असतं, जेट ए-१ पांढरट-पिवळट आणि हाताला तेलकट लागतं. परदेशी विमानतळावर नुसतं "फ्युएल" म्हटलं की बाउझर, म्हणजे तेलाचा टँकर, जेटचा येऊ शकतो. पेट्रोल इंजिनात तो माल गेला तर विमान उडतंही, आणि मग थोड्या उंचीवर इंजिन गप्प होतं.

एक रस्ता प्रत्यक्ष आखून पाहू

विमान सेसना १७२ एस. वेग ११० नॉट, म्हणजे ताशी तेवढे नॉटिकल मैल धरतो (एक नॉटिकल मैल सुमारे १.८५ किलोमीटर; पुढचे सगळे मैल हेच), खप तासाला ३६ लिटर, वापरता येणारं तेल २०० लिटर.

कोल्हापूर हे सीमाशुल्काचं विमानतळ नाही. उजळाईवाडीहून थेट परदेशी जाता येत नाही. आधी कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या भारतीय विमानतळावर जायचं, तिथं देश सोडायचा. गोवा सगळ्यात जवळ, मोपा जेमतेम ६० नॉटिकल मैल. पण श्रीलंकेसाठी ती उलटी वाट. आम्ही त्रिची, म्हणजे तिरुचिरापल्ली निवडलं.

कोल्हापूर ते बंगळुरूचं जक्कूर सुमारे २९० नॉटिकल मैल, दोन तास चाळीस मिनिटं. जक्कूर हा जुना छोट्या विमानांचा तळ, फ्लाइंग स्कूल तिथंच. तिथून त्रिची दीडशेच्या आसपास. त्रिचीहून जाफना, म्हणजे पलालीचं विमानतळ, सरळ रेषेत १००.

ती सरळ रेष मला आवडली नाही. ती पाल्कच्या सामुद्रधुनीवरून तिरकी जाते आणि पन्नासेक मैल खाली पाणीच असतं. त्याऐवजी त्रिचीहून पूर्वेला कोडियक्कराईच्या टोकापर्यंत जमिनीवरून गेलो आणि तिथून दक्षिणेला वळलो, तर एकूण अंतर १०६ मैल होतं आणि समुद्र उरतो ३२ मैलांचा. सहा मैलांचा, म्हणजे सव्वातीन मिनिटांचा वळसा घेतला की पाणी जवळपास वीस मैलांनी कमी होतं.

आता उंची. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. साडेनऊ हजार फुटांवरून सव्वाचौदा मैल. अर्ध्या वाटेआधी मागं वळायचं, नंतर पुढं जायचं, असा हिशेब केला तर ३२ पैकी साडेअठ्ठावीस मैल जमिनीच्या टप्प्यात येतात. उघडी राहतात ती सुमारे दोन मिनिटं. वाऱ्यानं हा आकडा बदलतो, आणि ही वाट व उंची एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं मान्य करायला हवी. पण मागायचं काय हे तरी आपल्याला ठाऊक हवं. २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितनं हलक्या स्पोर्ट विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडला, तोही स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा असे तुकडे पाडूनच.

आणि आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर. जक्कूरला टाकी पूर्ण भरली, तर जक्कूर–त्रिची–जाफना–परत त्रिची हे सगळं मिळून ३६५ मैल होतात. चढणीचा वेळ धरून तीन तास पन्नास मिनिटं, सुमारे १३८ लिटर. त्यावर पाऊण तासाचा राखीव साठा २७ लिटर. बेरीज १६५. म्हणजे जाफन्यात एक थेंबही मिळाला नाही तरी आपण भारतात परत. परतीसाठी एक बॅरल त्रिचीला आधी पोहोचवून ठेवायचं, एवढंच. हे गणित सुटलं त्या दिवशी मी शाहूपुरीत जाऊन मामांना वहीच दाखवली. ते म्हणाले, "मग आदीच सांगायचं की."

वजन: इथं मैत्रीची परीक्षा

१७२ एसचं उड्डाणाचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान उपकरणांप्रमाणे साडेसातशे-पावणेआठशेच्या घरात. आपण ७६० धरू. पूर्ण तेल १४४ किलो. उरले २५३. पंचाहत्तर किलोची तीन माणसं २२५, समुद्रात उतरावं लागलं तर लागणारा तराफा तेराएक किलो. तिघांच्या सामानाला मिळून पंधरा किलो. चार आसनं आहेत म्हणून चार माणसं बसतात, हा गैरसमज इथं संपतो. आकडे नेहमी आपल्या विमानाच्या वजनाच्या कागदावरून घ्या, माझ्या लेखावरून नको.

आम्ही तिघं निघणार होतो. तिसऱ्याचं वजन ९२ आहे. तो आता चेन्नईहून प्रवासी विमानानं जाफन्याला येईल आणि सगळ्यांच्या बॅगा आणेल.

उष्णतेचंही वजनच असतं. कोल्हापूरचं विमानतळ सुमारे २,००० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ३९ अंश असताना हवा इतकी विरळ होते की विमानाला ते ५,३०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढण मंदावते. म्हणून निघायचं ते सकाळीच. जक्कूरला पूर्ण तेल घेऊन उठताना हे आणखी लागू, बंगळुरू तीन हजार फुटांवर आहे.

कागद

इथं कंटाळा करून चालत नाही. १९४४ च्या शिकागो करारातलं २९ वं कलम विमानात काय काय हवं ते सांगतं: नोंदणीपत्र, हवाई योग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिकाचे परवाने, प्रवासाचं लॉगबुक, रेडिओचा परवाना, प्रवाशांची यादी. यात विम्याचं पत्र आणि वजनाचा कागद आपल्या मनानं घाला. विम्याच्या पॉलिसीत भौगोलिक मर्यादेचं कलम शोधा. पुष्कळ पॉलिसी भारतापुरत्याच असतात. देशाचं नाव लिहिलेली जोडपत्रिका घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. ज्या देशात जायचं तिथल्या विमान प्राधिकरणाची उतरण्याची परवानगी महिनाभर आधी मागा. पलालीला श्रीलंकेच्या हवाई दलाचा तळही आहे, तेव्हा घाई उपयोगाची नाही आणि कॅमेरा पिशवीत बरा.

भारतातल्या प्रत्येक टप्प्याला फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षण खात्याचा एडीसी क्रमांक आणि माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक लागतो, हे आपल्याला सवयीचं आहे. सीमेवर वाढतं ते जनरल डिक्लेरेशन: विमान, वैमानिक, प्रवासी यांची यादी. त्याच्या दहा प्रती काढून ठेवा. विमानाच्या नोंदणी क्रमांकाचा एक रबरी शिक्का करून घ्या. हसू येईल, पण कागदावर गोल शिक्का दिसला की खिडकीपलीकडचा माणूस निम्मा शांत होतो.

व्हिसा सहलीचाच काढा. आपण एअरलाइनचे कर्मचारी नाही. "क्रू" म्हणून सूट मिळेल या भरवशावर जाऊ नका. आणि खासगी विमानात मित्रांकडून भाडं घेता येत नाही, तेव्हा पैशांची वाटणी कशी लिहिताय ते आधी जाणकाराला विचारा.

वेळा युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहायच्या. सकाळी आठ म्हणजे ०२३०. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच, नेपाळचं पंधरा मिनिटं पुढं.

एक सूचना ठळकपणे. परदेशी वैमानिकांचे सल्ले वाचून उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र विकत घेऊ नका. विनापरवाना थुराया, इरिडियम किंवा तसली यंत्रं बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशी पाहुणे विमानतळावर यापायी अडकले आहेत. त्याऐवजी विमानातला ४०६ मेगाहर्ट्‌झचा ईएलटी, म्हणजे अपघातात ठिकाण कळवणारा प्रक्षेपक, चालू आहे ना, त्याची नोंदणी इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात आहे ना, आणि तिथं दिलेला घरचा फोन नंबर आजही लागतो ना, ते पाहा. आमच्याकडे तो नंबर बंद पडलेल्या लँडलाइनचा निघाला.

ऋतू

आपला पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो म्हणून ऑक्टोबरात उत्साहानं दक्षिणेला निघू नका. ईशान्य मोसमी पाऊस तेव्हा तमिळनाडू आणि उत्तर श्रीलंकेत सुरू होतो, डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जानेवारीचा मध्य ते मार्च उत्तम. नेपाळचं उलट. जानेवारीत उत्तर प्रदेश आणि तराईत धुकं असं बसतं की दुपारपर्यंत धावपट्टी दिसत नाही, मार्च-एप्रिलमध्ये धूर. तिकडं ऑक्टोबर-नोव्हेंबर.

नेपाळला जायचं तर काठमांडूचा हट्ट नको. साडेचार हजार फुटांजवळची, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली ती दरी पहिल्या भेटीची जागा नव्हे. भैरहवाचं गौतम बुद्ध विमानतळ सपाटीवर आहे, लुंबिनी जवळ, आणि वाराणसीहून जेमतेम सव्वाशे मैल. दुबई-मस्कतबद्दल नेहमी विचारतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दक्षिणेकडून गेलं तर उघडा अरबी समुद्र. आपल्याकडे दृश्य उड्डाणाला नियंत्रित आकाशात किनाऱ्यापासून १०० नॉटिकल मैलांची मर्यादा आहे. एका इंजिनावर मी तो विचार करत नाही.

समुद्रावरची तयारी, थोडक्यात

लाइफ जॅकेट अंगात घालून बसायचं. मागच्या सीटवर ठेवलेलं कामाचं नाही. विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर दारातून निघता येत नाही. पाण्यावर उतरण्याआधी दारं उघडून अडकवून ठेवायची. तराफा हाताला लागेल असा. हे एकदा जमिनीवर, इंजिन बंद असताना, डोळे मिटून करून पाहा. आम्ही रंकाळ्यावर नाही गेलो, पण हँगरात तीनदा केलं. पहिल्या वेळी माझा हेडसेट गळ्यात अडकला.

निघायचा दिवस

त्रिचीला आदल्या संध्याकाळी पोहोचा. इमिग्रेशन आणि कस्टम्सच्या माणसांना छोट्या विमानाची सवय नसते. आदल्या दिवशी भेटून उद्याची वेळ सांगितली की सकाळ सुरळीत जाते. हँडलिंग एजंटचा, म्हणजे विमानतळावरची कामं करून देणाऱ्याचा दर आधी लेखी घ्या, पार्किंगसह. दोर आणि खुंट्या सोबत हव्यात. हवामान पाहून मन नको म्हणालं तर परवानगीत किती तासांची सवलत आहे हे आधीच माहीत असावं, नाही तर "परवानगी वाया जाईल" म्हणून माणूस नको त्या आभाळात शिरतो. आम्ही मुक्काम दोन दिवस जास्तीचा धरलाय, घरी सांगताना चार सांगितलाय.

जाफन्याला विमान बांधून ठेवायचं आणि पुढं रेल्वेनं फिरायचं. नल्लूरचं मंदिर, डचांचा किल्ला, मग यल देवी गाडीनं कोलंबो. श्रीलंकेत प्रत्येक टप्पा विमानानं करायचा मोह टाळा. तेलाचा वरचा हिशेब जाफना–त्रिचीपुरताच बसवलाय.

परतताना पश्चिमेच्या दिशेला उंचीचे आकडे बदलतात, साडेनऊऐवजी साडेआठ किंवा साडेदहा हजार. पहिलं उतरणं त्रिचीलाच, कस्टम्सचा शिक्का, मग आपलं बॅरल. ते बॅरल कुलपात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी करायला मामांनी सांगितलंय. मी कालच फोन केला. किल्लीवाला गुरुवारी सुट्टीवर असतो, म्हणून परतीचा दिवस शुक्रवार केला.